अंडं खाल्ल्यावर बाळाच्या अंगावर गांधी उठल्या, मग आता अंडं कायमचं बंद का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर आईवडिलांनाही संदर्भ लागेल. मुलगी १४ महिन्यांची, घर कोथरूडला, तान्ही असल्यापासून गालांवर आणि कोपराच्या घडीत एक्झिमा, म्हणजे त्वचा कोरडी, लाल, खाजरी. परवा पहिल्यांदा अंडं म्हणून अंडं दिलंत, अर्धवट उकडलेलं, दोन-तीन चमचे, आणि दहा मिनिटांत तोंडाभोवती लाल झालं, मग पोटावर-पाठीवर गांधी उठल्या, एक उलटी झाली, तासाभरात सगळं ओसरलं. सासूबाई म्हणतात उष्ण पडलं. लॅबमधून रक्ताचं मोठं पॅनेल, म्हणजे एकाच वेळी बऱ्याच पदार्थांच्या अ‍ॅलर्जीची तपासणी, करून आणलंत त्यात अंड्याचा पांढरा भाग ३.८, शिवाय गहू, दूध, शेंगदाणा, कोळंबी थोडं थोडं पॉझिटिव्ह, आणि कुणीतरी सांगितलं की हे सगळं बंद करा. पहिल्या वाढदिवसाला केक खाल्ला होता तेव्हा मात्र काहीच झालं नव्हतं. आणि १५ महिन्यांची एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला) लस तोंडावर आलीय. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, पुण्यात बरीच वर्षं अ‍ॅलर्जीचंच काम करतेय, त्यामुळे एकेक गोष्ट सविस्तर लिहिते. मुलीला प्रत्यक्ष बघितलेलं नाही, तेव्हा जे काही करायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

तर पहिलं, हो, ही अंड्याची अ‍ॅलर्जीच दिसतेय, आणि हे मी रिपोर्ट बघून म्हणत नाहीये, तुम्ही जे घडलं ते सांगितलंत त्यावरून म्हणतेय. अशी अ‍ॅलर्जी खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते. अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, उलटी, खोकला, घरघर, हे सगळं त्यातच येतं. संध्याकाळी अंडं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुरळ आलं तर त्याचा दोष मी सहसा अंड्याला देत नाही. याच्यातला एक वेगळा प्रकार मात्र माहीत असू द्या, त्यात गांधी उठत नाहीत, पण खाल्ल्यावर एक ते चार तासांनी मूल सलग उलट्या करत सुटतं, पांढरं फटक पडतं, मलूल होतं. तो रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीत दिसतच नाही, त्यामुळे "टेस्ट निगेटिव्ह आहे, पोट बिघडलं असेल" म्हणून दोन-तीनदा तसाच सुटून जातो. तुमच्या मुलीचं तसं नाहीये, तिचं चित्र स्पष्ट आहे.

उष्ण पडलं म्हणणाऱ्या सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनी बघितलंय ते खरंच आहे, अंडं खाल्लं आणि अंगावर उठलं. पण उष्ण म्हटलं की पुढचा विचार असा होतो की उन्हाळ्यात नको, थंडीत देऊन बघू, किंवा कमी देऊ, किंवा बॉयलर अंडं नको, गावरान आणू. इथे धोका आहे. गावरान, बॉयलर, पांढरं, तपकिरी, सगळ्यांत प्रोटीन तेच. बटेराचं आणि बदकाचंही जवळपास तेच. आणि आमसुलाचं पाणी अंगाला लावलं म्हणून गांधी गेल्या असं वाटतं, त्या नाहीतरी काही तासांत जाणारच असतात. आमसूल लावायला माझी काही हरकत नाही, फक्त त्या वेळात मुलीच्या श्वासाकडे कुणाचंतरी लक्ष पाहिजे.

आता रिपोर्ट. अंड्याचा ३.८ हा आकडा दोन वर्षांखालच्या मुलासाठी कमी नाही, या वयात २ च्या वर गेला तरी खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता बरीच धरतात, आणि इथे तर हकिकतही जुळतेय. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, हा आकडा रिअ‍ॅक्शन किती जोरात येईल ते सांगत नाही. आकडा लहान आणि रिअ‍ॅक्शन मोठी असंही होतं, उलटंही होतं. तो फक्त शक्यता सांगतो, आणि पुढे वर्षावर्षाला तो खाली येतोय का हे बघायला उपयोगी पडतो.

बाकीचं जे पॉझिटिव्ह आलंय ना, त्याच्यावर माझा खरा आक्षेप आहे. मुलगी रोज दूध पितेय, रोज पोळी-वरण खातेय आणि तिला काही होत नाही, मग कागदावर काहीही येऊ दे, तिला दुधाची आणि गव्हाची ही अ‍ॅलर्जी नाहीये. एक्झिमा असलेल्या मुलांच्या रक्तात अशा बऱ्याच गोष्टींची आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित अँटीबॉडी, थोडी थोडी सापडते, त्याला आम्ही सेन्सिटायझेशन म्हणतो, अ‍ॅलर्जी नाही. कोळंबीचं तर बरेचदा असं असतं की मुलाने कोळंबी बघितलेलीही नसते, पण गादीतल्या धुळीचे किडे आणि झुरळं यांच्यात कोळंबीसारखंच एक प्रोटीन असतं म्हणून रिपोर्टमध्ये कोळंबी येते. शेंगदाण्याचं घरात विचारून बघा, कोशिंबिरीत, खिचडीत, भाजीत दाण्याचा कूट तिच्या पोटात गेलाय का आणि काही झालं नाही ना, तसं असेल तर तो चालू ठेवा. अजिबात गेला नसेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला, कारण एक्झिमा आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी व्हायची शक्यताही जास्त असते. पण ते बोलणं या आठवड्यात करा, पुढच्या वर्षावर ढकलू नका, उशीर केल्याने ती शक्यता वाढते. अख्खा दाणा एवढ्या लहान मुलाला कधीच देऊ नका, घशात अडकतो, कूटच द्यायचा.

आणि हे कळकळीने सांगते, व्यवस्थित पचणारा पदार्थ निव्वळ रिपोर्टवरून बंद करू नका. यात नुसतं पोषण जात नाही. एक्झिमावाल्या मुलांमध्ये रोजचं खाणं असं महिनोन्‌महिने बंद ठेवलं आणि मग परत दिलं तर तेव्हा खरीच अ‍ॅलर्जी उभी राहिलेली आढळते. दूध, गहू, अंडं, दाणे सगळं बंद करून निव्वळ तांदळाच्या पेजेवर ठेवलेली, वजन खाली आलेली बाळं माझ्याकडे येतात, आणि दर वेळी कुणाच्यातरी हातात असलंच पॅनेल असतं. ते दोनशे पदार्थांचं आयजीजी नावाची वेगळीच अँटीबॉडी मोजणारं 'फूड इन्टॉलरन्स' पॅकेज आणि केसांची टेस्ट यांच्यावर तर पैसेच घालू नका, अ‍ॅलर्जी ठरवायला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

आता केक. तुम्ही हे जाता जाता लिहिलंत पण माझ्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. आधी मला सांगा, तो केक अंड्याचा होता का? पुण्यात वाढदिवसाचे किती केक एगलेस असतात ते तुम्हाला माहीतच आहे, आजी-आजोबा खाणार म्हणून आपण मुद्दाम एगलेस सांगतो, आणि मग वर्षभराने डॉक्टरांना सांगतो की केक खाल्ला होता, काही झालं नाही. बेकरीत फोन करून विचारा, बिल काढून बघा. दुसरं, किती खाल्ला? नुसतं वरचं क्रीम चाटलं असेल तर त्यावरून काही ठरत नाही. पण केक खरंच अंड्याचा असेल आणि तिने आतला स्पंज नीट चांगला दोन-तीन घास खाल्ला असेल, तर ती फार चांगली खबर आहे.

का ते सांगते. अंड्याच्या पांढऱ्या भागात अ‍ॅलर्जी करणारी मुख्य दोन प्रोटीनं आहेत. एक ओव्हअल्ब्युमिन, हे प्रमाणाने सगळ्यात जास्त, अर्ध्याहून अधिक, पण उष्णतेने त्याचा आकार मोडतो. दुसरं ओव्होम्युकॉइड, हे प्रमाणाने कमी पण चिवट, उकडलं तरी फारसं बदलत नाही. ज्या मुलांचं शरीर मुख्यतः पहिल्यावर चिडतं त्यांना कच्चं-अर्धकच्चं अंडं सोसत नाही, पण मैद्यात कालवून ओव्हनमध्ये १८० डिग्रीला अर्धा तास भाजलेलं अंडं चालून जातं, कारण उष्णता तर लागतेच, शिवाय गव्हाच्या प्रोटीनमध्ये अंड्याचं प्रोटीन गुरफटून बसतं. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्के मुलं असं केकमधलं अंडं पचवतात. म्हणून अर्धवट उकडलेलं, हाफ फ्राय, मेयोनीज हे एका टोकाला, ऑम्लेट आणि पूर्ण उकडलेलं मध्ये, आणि केक-मफिन दुसऱ्या टोकाला. तव्यावरचा पॅनकेक किंवा धिरडं केकमध्ये धरू नका, त्याला तेवढी उष्णता तेवढा वेळ मिळत नाही. ओव्होम्युकॉइडची वेगळी रक्ततपासणी मिळते, ती खूप जास्त आली तर केकही सोसण्याची शक्यता कमी होते, एवढा अंदाज त्यातून घेता येतो.

तेव्हा आत्ता करायचं काय? अंडं, ऑम्लेट, भुर्जी, मेयोनीज, अंड्यात बुडवून तळलेलं सगळं बंद. केकचं, तो खरोखर अंड्याचा होता हे पक्कं झालं आणि नंतरही परत दिलाय तर तशाच प्रकारचा भाजलेला केक तेवढ्याच प्रमाणात चालू ठेवा, थांबवू नका. पक्कं नसेल तर घरी प्रयोग नको. तिला गांधीबरोबर उलटीही झालीय, म्हणजे त्वचा आणि पोट दोन्हीकडे परिणाम झाला, एकच उलटी म्हणून मी याला गंभीर म्हणणार नाही पण अगदी किरकोळही म्हणणार नाही, त्यामुळे केकची पहिली परीक्षा दवाखान्यातच व्हावी.

आता पुण्यात अंडं कुठे कुठे लपलेलं असतं ते बघू. घरचा स्वयंपाक बहुतेक ठिकाणी सोपा जातो, डाळ-भात-भाजी-पोळीत अंडं येतच नाही. त्रास बाहेर आहे. कॅम्पातल्या बेकऱ्यांमधला मावा केक आणि स्पंज यात अंडं असतंच, पण पॅटिस, बन यांच्यावर चकाकी येण्यासाठी अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही. सुटी नानखटाई, बिस्किटं विचारल्याशिवाय घेऊ नका. कटलेट आणि कबाब बांधायला अंडं घालतात. चायनीजच्या गाडीवर एकाच कढईत एग फ्राइड राइस झाला की मागोमाग व्हेज राइस होतो, आणि कालथा तोच. सँडविच, मोमो, बर्गर यातलं मेयोनीज व्हेज असेल तर त्यात अंडं नसतं, पण ते व्हेज आहे हे डबा बघून खात्री करा, पोऱ्याच्या शब्दावर नको. काही मार्शमेलो, मेरँग, केकवरची कडक पांढरी आयसिंग, काही महागडी कस्टर्डवाली आइस्क्रीम, यांतही असतं. आपल्याकडची डब्यातली कस्टर्ड पावडर साधारणपणे मक्याच्या पिठाची असते. आणि एगलेस केक जिथून घेता तिथे एगवाले केकही होतात का, सुरी आणि काउंटर एकच आहे का, हे विचारायला लाजू नका. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी स्वतः बघितलंय, दोन केक शेजारी ठेवलेले, एकावर छान चिठ्ठी लावलेली एगलेस म्हणून, आणि कापायला सुरी एकच, पहिला काप अंड्याच्या केकचा.

एका बाबतीत आपल्या देशात आपण नशीबवान आहोत. आपल्याकडे पाकिटावर हिरवी आणि तपकिरी खूण सक्तीची आहे, आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात अंडं हे मांसाहारात धरलंय, म्हणजे अंडं घातलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका लावताच येत नाही. तपकिरी खूण आधी गोल ठिपका होती, २०२० च्या लेबलिंग नियमांनी ती त्रिकोण झाली. शिवाय अंडं हे अ‍ॅलर्जनच्या यादीत आहे, त्यामुळे घटकांच्या खाली वेगळं लिहावं लागतं. तेव्हा दुकानात उभं राहून बारीक अक्षर वाचण्याआधी खूण बघा, तिथेच निम्मं काम होतं. पण हिरवी खूण म्हणजे अंडं घटक म्हणून घातलेलं नाही, एवढंच. त्याच मशिनवर अंड्याचा माल झाला असेल तर तसा इशारा शेवटच्या ओळीत असतो, तो वाचा. सुटा माल, हॉटेल, गाडी इथे मात्र पाकिटावरच्या या खुणेचा आधार मिळत नाही, तिथे विचारूनच घ्या.

आता सगळ्यात गंभीर भाग, हा घरात सगळ्यांनी वाचायला हवा, आजी-आजोबा आणि मावशींसकट. नुसत्या गांधी आहेत, मूल खेळतंय, श्वास नीट आहे, तर सेटिरिझिनसारखं डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं अँटीहिस्टॅमिन द्या आणि मुलाला नजरेआड करू नका. पण खालचं काहीही दिसलं तर ते औषध पुरणार नाही: सतत खोकला, घरघर, श्वास घेताना छातीच्या बरगड्या आत ओढल्या जाणं, आवाज किंवा रडणं घोगरं होणं, अचानक लाळ गळायला लागणं, जीभ सुजणं, पुन्हा पुन्हा उलट्या, चेहरा फिकट पडणं, अंग ढिलं सोडणं. १४ महिन्यांचं मूल "गुदमरतंय" असं सांगू शकत नाही, ते एकदम गप्प होतं, कडेवर मान टाकतं, खेळता खेळता झोपल्यासारखं होतं, आणि घरचे म्हणतात दमलं बिचारं. अंडं पोटात गेल्यावर अर्ध्या तासात आलेली अशी झोप ही झोप समजू नका.

याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यावरचं पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. अ‍ॅव्हिल (अँटीहिस्टॅमिन) नाही, हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नाही. हे मी जोर देऊन सांगते कारण आजही बऱ्याच ठिकाणी मुलाला आधी अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्ट देऊन निरीक्षणात ठेवतात आणि अ‍ॅड्रेनलिन शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. तो पहिला उपाय आहे, आणि वेळेत दिला तर मूल डोळ्यांदेखत सुधारतं. डोस दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्युलमधून १० किलोच्या मुलाला ०.१ मिली. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे ते सहजी मिळत नाही, त्यामुळे ज्यांना गरज आहे अशा आईवडिलांना आम्ही अँप्युल आणि १ मिलीची सिरिंज देऊन, डोसची खूण करून, दवाखान्यातच सलाइनच्या पाण्यावर भरायला शिकवतो, हात सरावेपर्यंत. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका, तिची सुई आखूड असते आणि खुणा वेगळ्या. अँप्युल उन्हापासून आणि उष्णतेपासून लांब ठेवा, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही, आणि एक्स्पायरी मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. तुमच्या मुलीला हे घरी ठेवायची गरज आहे का हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचंय, दमा असेल, आधी मोठी रिअ‍ॅक्शन झाली असेल, किंवा घर दवाखान्यापासून लांब असेल तर मी ठेवायलाच सांगते.

इंजेक्शन दिलं की १०८ ला फोन करा, मुलाला आडवं झोपवा, पाय जरा उंच. श्वासाला त्रास असेल तर मांडीवर टेकून बसवा, पण खांद्यावर उभं धरून येरझाऱ्या घालू नका, रक्तदाब खाली असताना उभं केल्याने जीव धोक्यात येतो. पाच-दहा मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस लागू शकतो. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात चार-सहा तास तरी थांबा, काही मुलांना पहिली रिअ‍ॅक्शन ओसरल्यावर पुन्हा उसळी येते. कर्वे रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅम्ब्युलन्स येण्याआधी रिक्षाने जवळचं हॉस्पिटल गाठता येत असेल तर तेच करा, पण इंजेक्शन आधी, प्रवास नंतर. घरात ते नसेल तर मुलांची इमर्जन्सी बघणारं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कोणतं हे आजच ठरवून ठेवा.

लसीचं. एमएमआर द्या, वेळेवर द्या, नेहमीच्या ठिकाणी द्या. महापालिकेच्या दवाखान्यात एमआर मिळते, म्हणजे गोवर-रुबेला, आणि आपल्याच हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची ती लस मानवी पेशींवर वाढवलेली असते, अंड्याचा त्यात संबंधच येत नाही. एमएमआरमधला गालगुंडाचा भाग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात, पण अंड्याचं प्रोटीन त्यात नगण्य असतं, आणि मोठी रिअ‍ॅक्शन झालेल्या मुलांनाही ही लस जगभर सुरक्षित दिली जाते. आधी त्वचेवर चाचणी, थोडी थोडी लस, असलं काही लागत नाही. गोवराच्या लसीचा नवव्या महिन्याचा डोस झालाच असेल, तो सोसला ना. फ्लूची लस बहुतेक अंड्यांत वाढवलेली असते, तरी तीही चालते, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३-२४ च्या हंगामापासून अंड्याच्या अ‍ॅलर्जीसाठीची खास काळजीसुद्धा काढून टाकली. यलो फीव्हरची लस तेवढी वेगळी, आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेला जायचं असेल तर आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटा. आणि कुत्रं चावलं तर रेबीजची लस कुठल्याही कारणाने थांबवायची नाही, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून तर मुळीच नाही.

घरातल्या इतरांनी अंडं सोडायचं का? नाही. आजोबा रोज सकाळी उकडलेलं अंडं खात असतील तर खाऊ देत, फक्त खाऊन झाल्यावर साबणाने हात-तोंड धुऊन मग नातीला घ्यावं, सॅनिटायझरने प्रोटीन जात नाही. तवा-कढई नीट घासली की पुरते, पण लाकडी पोळपाटावर अंड्याचं काही करत असाल तर तो वेगळा ठेवा. केसांना अंडं लावायची सवय असेल तर सध्या बंद, मुलं केस धरतात आणि हात तोंडात घालतात. तुम्ही अंगावर पाजत असाल तर तुम्ही स्वतः अंडं खाऊ शकता, तुमच्या खाण्यानंतर पाजल्यावर तिला ठळक त्रास होताना दिसत नसेल तोपर्यंत. कुणी कोंबडीही बंद करायला सांगेल, बहुतेक मुलांना चिकन व्यवस्थित चालतं.

एक्झिमाकडे मात्र लक्ष द्या. फुटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण शरीरात जातात आणि अ‍ॅलर्जीची सुरुवात तिथून होते असं आता मानलं जातं, म्हणून त्वचा सांभाळणं हा या उपचाराचा भाग आहे. आंघोळ कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं, डाळीचं पीठ आणि उटणं चोळणं बंद, अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, आणि लाल भडका असेल तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड क्रीम न घाबरता सांगितलेले दिवस लावा. पीठ आणि दूध अंगाला लावायची पद्धत चांगल्या हेतूने आलीय, पण खाण्याच्या वस्तू अशा फुटलेल्या त्वचेवर नकोतच.

आता पुढचं, म्हणजे हे जाणार कधी. अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच मुलांची जाते, साधारण निम्मी मुलं शाळेच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत अंडं खायला लागतात आणि उरलेल्यांतली बरीच पुढे किशोरवयापर्यंत. जी केक पचवतात त्यांची लवकर जाते. म्हणून मी "अंडं बंद" असं लिहून देते तेव्हा शेजारी पुढची तारीख लिहिते, सहसा सहा महिने ते वर्ष. त्या भेटीत हकिकत परत विचारायची, चुकून कुठे काही खाल्लं का आणि काय झालं, त्वचेची टेस्ट, लागलं तर रक्त. त्वचेच्या टेस्टच्या आधी पाच-सात दिवस अँटीहिस्टॅमिन बंद लागतं, नाहीतर पुन्हा हेलपाटा पडतो. आकडे खाली आले असतील तर दवाखान्यात खाऊन बघायची परीक्षा, फूड चॅलेंज.

ही परीक्षा कशी असते म्हणून आईवडील फार घाबरलेले असतात. आई घरून मफिन करून आणते, पदार्थाचं माप आम्ही आधीच लिहून दिलेलं असतं म्हणजे एका मफिनमध्ये अंडं नेमकं किती ते माहीत असतं. मूल बरं पाहिजे, सर्दी-ताप-घरघर असेल तर तारीख पुढे. मग तुकडा अगदी कणभर, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग थोडा मोठा, परत थांबायचं, असं करत पूर्ण माप, आणि नंतर दोन तास खेळत बसायचं. शेजारी अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा सगळ्यात अवघड काम असतं ते मुलाला तिसऱ्या तुकड्यानंतर मफिन खायला लावणं, म्हणून तिच्या आवडीचं केळं किंवा थोडा गूळ त्यात घाला, आधी सोसलेलं असेल तेच. मफिन पास झालं तर ते आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने खायचं, आणि मग काही महिन्यांनी पुढची पायरी, पॅनकेक, मग पूर्ण उकडलेलं, मग ऑम्लेट. ज्यांची रिअ‍ॅक्शन किरकोळ होती आणि दमा नाही अशा मुलांना काही पायऱ्या घरीही चढता येतात, पण कोणती घरी आणि कोणती दवाखान्यात हे डॉक्टर ठरवतील. मोठ्या मुलांसाठी थोडं थोडं रोज देऊन सवय करण्याचा ओरल इम्युनोथेरपीचा उपचारही आहे, तुमच्या मुलीच्या वयात मी त्याची घाई करणार नाही.

पोषणाची काळजी करू नका. दूध, दही, पनीर, डाळी, चिकन, मासे, दाण्याचा कूट यातून प्रोटीन भरून निघतं, अंडं न खाणारी कितीतरी मुलं आपल्याकडे ठणठणीत वाढतात.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की दुसरं बाळ झालं तर त्याला अंडं उशिरा द्यायचं का. नाही, उलट. सहा महिन्यांनी वरचं सुरू केलं की त्यातच पूर्ण शिजवलेलं अंडं थोडं थोडं सुरू करायचं. जपानमध्ये एक्झिमा असलेल्या बाळांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पावडर अगदी थोड्या प्रमाणात रोज दिलेल्या बाळांपैकी वर्षाच्या वयात ८ टक्क्यांना अंड्याची अ‍ॅलर्जी निघाली, न दिलेल्यांमध्ये ३८ टक्क्यांना. त्या बाळांचा एक्झिमाही सोबत नीट आटोक्यात ठेवला होता, हे विसरू नका. बाळाला जबरदस्त एक्झिमा असेल तर पहिला घास देण्याआधी डॉक्टरांना दाखवा, आणि अर्धवट उकडलेलं कधीच नको, दहा-बारा मिनिटं उकळत ठेवलेलं कडक अंडं कुस्करून.

पाळणाघरात ठेवणार असाल तर तोंडी सांगून भागवू नका. एका कागदावर तिचा फोटो, काय चालत नाही, काय चालतं, साधी रिअ‍ॅक्शन आली तर कोणतं औषध किती मिली, गंभीर कशी ओळखायची, कोणाला फोन, कोणतं हॉस्पिटल, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, डॉक्टरांची सही घ्या आणि स्वयंपाकघराच्या दारावर लावायला सांगा. तिथल्या मावशींबरोबर दहा मिनिटं बसून तो वाचून घ्या, वाढदिवसाचा केक कुणी पाठवला तर तिला तिचा वेगळा खाऊ मिळेल म्हणून एक डबा तिथे कायम ठेवा. मग केकची बेकरी कोणती होती आणि तो एगलेस होता का ते मला कळवा, त्यावरून पहिलं चॅलेंज मफिनचं करायचं की आधी थांबायचं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना काय काय विचारायचं ते सांगते.